आदल्या दिवशी बंदरावर

जाहिरातीत ज्या गावाचे नाव छापलेले असते त्याच गावाहून जहाज सुटते, असा माझा पंचेचाळीस वर्षांचा भाबडा समज होता. दादाने मिनिआपोलिसहून पाठवलेल्या कागदावर ठळक अक्षरांत 'अँकरेज ते व्हँकूवर' असे छापले होते आणि त्याच्या पुढे, कंसात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'सूअर्ड'. टीपा आणि तळटीपा शिकवण्यात ज्याची निम्मी हयात गेली त्या मराठीच्या अधिव्याख्यात्याने तरी कंसातला मजकूर आधी वाचायला हवा होता. मी वाचला नाही. तो वाचला आईने, आणि तोही भिंगातून.

"हे कंसातलं गाव कुठलं रे?" तिने विचारले.

मी नकाशा काढला. अँकरेज हे अलास्कातले सर्वांत मोठे शहर. विमाने उतरायची ती तिथे. कंसातले गाव तिथून मोटाररस्त्याने १२७ मैल दक्षिणेला, डोंगरांच्या पलीकडे. मुंबईहून सुटणारी बोट म्हणून तिकीट काढावे आणि ती धरायला हर्णै गाठावे लागावे, त्यातलाच हा प्रकार! सगळेच बोटवाले असे छापतात असे पुढे कळले. त्यात फसवणूक नाही. कंसात लिहिलेले असतेच.

आता अँकरेज काही देशावरचे गाव नव्हे. तेही समुद्राच्या काठीच आहे. मग बोट तिथेच का येत नाही? कारण ते शहर कुक आखाताच्या पार आतल्या टोकाला वसले आहे, आणि त्या आखातात भरती-ओहोटीच्या पाण्यात पंचवीस-तीस फुटांचा फरक पडतो. त्यातून हिमनद्यांनी डोंगर दळदळून आणलेला, पिठासारखा बारीक गाळ तळाशी साचतो तो वेगळाच. मालाची जहाजे तिथे येतात. प्रवासी बोटी क्वचित. केनाई द्वीपकल्पाला वळसा घालून एवढ्या आत शिरण्यापेक्षा त्या बाहेरच्या बाहेर सूअर्डला लागतात. तिथले बंदर खोल, आणि हिवाळ्यातही न गोठणारे. म्हणूनच १९०३ साली रेल्वे घालायला निघालेल्या मंडळींनी सूअर्ड वसवले आणि तिथून उत्तरेकडे रूळ टाकायला सुरुवात केली. पुढे अमेरिकन सरकारने ते काम आपल्या हाती घेतले, आणि १९१५ मध्ये रेल्वेच्या मजुरांची तंबूंची वस्ती म्हणून अँकरेज जन्माला आले. आज अँकरेजमध्ये अडीच-तीन लाख माणसे राहतात आणि सूअर्डमध्ये तीन हजारसुद्धा नाहीत. पण मैलांचे दगड अजून सूअर्डपासूनच मोजतात. धाकटे मोठे झाले, तरी शून्याचा मान थोरल्याचा.

आमच्या घरी मात्र उलटे. थोरला तोच मोठा. दादा तीस वर्षे अमेरिकेत आहे. या सफरीचे पैसे त्याचे, कल्पना त्याची. आईला सत्त्याहत्तरावे लागले. एकदा तिला बर्फाचे डोंगर समुद्रात कोसळताना दाखवायचे हे त्याने मनात घेतलेले. वहिनींना इस्पितळातून रजा मिळाली नाही, आमच्या सौभाग्यवतींना मुलाची बारावी. तेव्हा आम्ही तिघेच निघणार होतो. तिकीट दादाचे असल्यामुळे मत देण्याचा माझा हक्क तसा कंसातलाच होता.

मिनिआपोलिसला दादाच्या जेवणाच्या टेबलावर या १२७ मैलांची बैठक भरली. मी वर्गात जाताना काढतो तसे टाचण काढले होते. बस अडीच-तीन तासांत नेते आणि स्वस्त पडते. बोटवाल्यांची स्वतःची बस थेट विमानतळावरून उचलते. ती महाग, पण तिला उशीर झाला तर बोट वाट पाहण्याचा संभव अधिक, कारण उशीर त्यांचाच. भाड्याची मोटार घ्यावी तर ती पुन्हा अँकरेजला नेऊन कोण देणार? आम्ही तर बोटीत बसून कॅनडाला चाललेलो. सूअर्डला विमानांची धावपट्टी आहे, पण ठरल्या वेळेची विमाने तिथे जात नाहीत. उरली आगगाडी. ती उन्हाळ्यात दिवसातून एकदा, सकाळी पावणेसातला अँकरेजहून सुटते आणि अकराच्या सुमारास सूअर्डला पोचते. म्हणजे मोटारीला अडीच तास लागतात तिथे गाडीला सव्वाचार; आणि भाडे बसहून बरेच जास्त. काचेच्या छपराच्या डब्याचे तर जवळजवळ दुप्पट!

"मग ठरलं तर," दादा म्हणाला. "शुक्रवारी सकाळी आपण तिघं इथून विमानात बसू. बाराला अँकरेज. तिथून एक व्हॅन ठरवली की चारला बोटीवर. बोट आठला आहे. चार तास हातात!"

"रस्ता एकच आहे, दादा," मी म्हणालो.

"जायला एकच लागतो."

वादात दादा मला नेहमी असा एका वाक्यात गारद करतो. मी गप्प बसलो. पण आईने भिंग खाली ठेवले.

"बोटीला जायचं तर आदल्या दिवशी बंदरावर पोचायचं," ती म्हणाली. "नाहीतर मी येत नाही."

"आई, ही काही भाऊच्या धक्क्याची बोट नव्हे," दादा हसत म्हणाला.

आई हसली नाही. दादाला गुरुवारी कचेरीत हजर राहणे भागच होते. शेवटी असे ठरले, की मी आणि आई बुधवारीच अँकरेजला जायचे, गुरुवारी सकाळच्या आगगाडीने सूअर्ड गाठायचे आणि तिथे रात्र काढायची. दादाने शुक्रवारी मागून यायचे. दादाने आमच्या एका रात्रीच्या खोलीचे पैसे भरले, पण भरताना त्याचा चेहरा कोणी निष्कारण जकात वसूल करावी तसा झाला होता.

आगगाडी मी निवडली हे खरे. पण ती आईसाठी. माझे वडील रेल्वेत गार्ड होते. इगतपुरीच्या रेल्वेच्या चाळीत आमचे बालपण गेले. थळ घाटात सदतीस फुटांना एक फूट चढ. कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडायची आणि गाडी ढकलत वर आणायची, हा आमच्या घरचा रोजचा विषय. आपल्याकडे २०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. आईला ते अजून मान्य नाही.

अँकरेजचे स्थानक लहानसेच आहे. दाराशी एक जुने, खेळण्याएवढे वाफेचे इंजिन मांडून ठेवले आहे, त्याच्यावर १ हा आकडा. आईने आधी त्याला हात लावला आणि मग गाडीकडे वळली. निळ्या-पिवळ्या रंगाचे डबे लख्ख धुतलेले. "शेवटी गार्डाचा डबा नाही," तिने शेवटपर्यंत चालत जाऊन खात्री करून घेतली. मग तिकीट तपासनिसाला माझ्याकरवी कळवण्यात आले, की आमचे हे गार्ड होते, मध्य रेल्वेत, चौतीस वर्षे. त्या उंचनिंच गृहस्थाने टोपी काढून तिच्याशी हस्तांदोलन केले. त्या एका हस्तांदोलनात माझे जास्तीचे भाडे वसूल झाले असे मी मानतो.

गाडी गावाबाहेर पडली की अर्ध्या तासाच्या आत एका आखाताच्या कडेला लागते. डाव्या हाताला उभे कडे, उजव्या हाताला पाणी, आणि मध्ये जेमतेम रूळ व रस्ता एवढी पट्टी. दोघे अगदी खांद्याला खांदा लावून जातात. गाडीत माहिती सांगायला शाळकरी मुले नेमलेली असतात; आमच्या डब्यात एक सतरा वर्षांची मुलगी होती. तिने कड्यावरच्या पांढऱ्या रानमेंढ्या दाखवल्या, पांढरे देवमासे कुठे दिसतात ते सांगितले, आणि मग आखाताच्या नावाची गोष्ट सांगितली. १७७८ साली कप्तान कुक अमेरिकेच्या माथ्यावरून पलीकडे जाण्याची वाट शोधत इथवर आला. या फाट्यातून वाट असेल असे वाटले, नव्हती. पुन्हा एकदा मागे फिरावे लागले म्हणून त्याने नाव ठेवले 'टर्नअगेन'. आपल्याकडे एखाद्या खाडीला 'परतफिरे' म्हटले असते.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. पाणी मैलोगणती मागे हटलेले, आणि त्या जागी करडा, ओला, चकचकीत चिखल. वर पाहावे तर जून महिन्यातही डोंगरांवर बर्फ. मुलगी सांगत होती, की हा चिखल दिसायला घट्ट दिसतो पण पाय रुतला की सुटत नाही. आणि भरती येते ती कधी कधी सबंध आखाताच्या रुंदीची एक लाट होऊन येते, पाण्याची भिंत सरकावी तशी. डब्यातले सगळे छायाचित्रे घेत होते. आई काचेला कपाळ लावून बसली होती.

"असाच चिखल होता," ती म्हणाली.

मला वाटले, ती कोकणातल्या एखाद्या खाडीविषयी बोलते आहे, आणि ते बरोबरच होते. पण पुढे तिने जे सांगितले ते मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलेले नव्हते.

"मी दहा वर्षांची होते. अठ्ठावन्न साल. मे महिना सरत आला होता, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटी. बाबा गिरगावात छापखान्यात होते ना, त्यांची तार आली. म्हणजे त्यांच्या शेजाऱ्यांची. आजारी, ताबडतोब निघा. आता राजापुराहून मुंबईला जायचं तर दोन वाटा. एस.टी.नं घाट चढून कोल्हापूर आणि पुढं आगगाडी. नाहीतर खाडीनं होडीतून जैतापूर आणि तिथून बोट. आमच्या आईनं बोट धरली. कोल्हापूर तिनं कधी पाहिलं नव्हतं. बोटीचं तिला ठाऊक होतं, पैसेही कमी लागत. बरं, होडी ओहोटी लागायच्या आत हाकारायला हवी. राजापूरची खाडी गाळानं भरलेली, पाणी उतरलं की संपलं. आईला गाय शेजारी बांधून, वैरणीचं सांगून यायला अर्धा तास लागला. अर्धाच तास. जैतापूर दिसायला लागलं आणि होडी रुतली. पुरुष उतरले, कमरेएवढ्या चिखलात. होडी हलेना. खाडीच्या तोंडाशी बोट उभी होती रे. दिसत होती. पडाव तिच्याकडं जाताना दिसत होते. मग भोंगा झाला."

गाडी एका वळणावर शीळ घालत होती. मी विचारले, "पुढची बोट?"

"दोन दिवसांनी."

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "आम्ही पोचलो तेव्हा खोली धुऊन घेतलेली होती. फरशी ओली होती अजून." आणि पुन्हा काचेकडे वळून म्हणाली, "आमची आई मरेपर्यंत एकच म्हणत असे. मोटारीनं गेले असते तर. मी कधी तिला म्हटलं नाही, की गाय नंतर बांधली असतीस तर."

त्यानंतर आई बोटीत बसली नव्हती. लग्न होऊन इगतपुरीला आली, तिथे समुद्र नव्हताच. हे दादाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. आणि आम्ही दोघे तिला बोटीने न्यायला निघालो होतो, भाड्यांची तुलना करीत.

आखाताच्या टोकाशी पोर्टेज नावाची जागा लागते. तिथे पूर्वी गाव होते. २७ मार्च १९६४ रोजी, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, साडेचार मिनिटे धरणीकंप झाला, ९.२ तीव्रतेचा, उत्तर अमेरिकेत नोंदला गेलेला सर्वांत मोठा. इथली जमीन सहा फुटांच्या आसपास खचली आणि भरतीचे पाणी गावात शिरू लागले, ते कायमचेच. गाव सोडावे लागले. खारे पाणी प्यालेली झाडे जागच्या जागी वाळली आणि अजून उभी आहेत; पाने नाहीत, साल नाही, नुसते राखाडी सांगाडे. त्याच संध्याकाळी सूअर्डचा सारा धक्का समुद्रात घसरला, तेलाच्या टाक्या पेटल्या आणि मग लाटा आल्या. आज तिथे जो धक्का आहे तो त्यानंतर बांधलेला.

पोर्टेजपासून एक फाटा व्हिटियरला जातो. तेही बोटींचे बंदर; आणि आमच्या तिकिटावरच्या कंसात त्याचे नाव असते तर निराळीच कथा झाली असती. कारण तिथे जायला डोंगरातून अडीच मैलांचा एकपदरी बोगदा आहे, आणि त्या एकाच पदरातून आगगाडी आणि मोटारी पाळीपाळीने जातात! आधी इकडच्या मोटारी, मग तिकडच्या, मधूनच रेल्वे. आपली पाळी चुकली की तिष्ठत बसा. दादाला तिथे न्यायला पाहिजे होते.

इथे रूळ रस्त्याची सोबत सोडतात. पुढचे तीसएक मैल गाडी अशा दऱ्यांतून जाते, की जिथे मोटार नाही, वस्ती नाही. हिमनद्या रुळांच्या इतक्या जवळ येतात, की त्यांच्यातला निळा रंग दिसतो. आपण कपड्यांना घालतो त्या निळीचा. लहान लहान बोगदे, खाली खळाळते करडे पाणी, आणि चढ. आई रुळांचे वळण पाहून आधीच सांगायची, आता इंजिन दिसेल, आणि दिसायचे. "घाट आहे," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने त्या प्रदेशाला याहून मोठे प्रशस्तिपत्र नव्हते.

सूअर्डविषयी थोडक्यात सांगतो. डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये दहा-बारा गल्ल्यांचे गाव. विल्यम सूअर्ड या मंत्र्याने १८६७ साली रशियाकडून बहात्तर लाख डॉलरांना अलास्का विकत घेतला. महाराष्ट्रासारखी पाच राज्ये बसून वर जागा उरेल एवढा मुलूख. लोकांनी तेव्हा त्याला वेड्यात काढले, आणि नंतर त्याचे नाव गावाला दिले. गावामागे तीन हजार फुटांचा सुळका आहे. त्याचे नाव मॅरॅथॉन. ४ जुलैला लोक त्याच्यावर पळत चढतात आणि पळत उतरतात. आईला ते नाव 'मराठा' असे ऐकू आले आणि मी ते सुधारले नाही.

गाडीतून उतरल्यावर लोक खाणावळीकडे गेले. आईने आधी धक्का पाहिला. स्थानकापासून तो जवळच आहे. "बोट इथंच लागते ना? नक्की?" असे तिने मला एका खलाशाला विचारायला लावले, आणि मगच ती खोलीकडे वळली. त्या रात्री अकरा वाजेपर्यंत उजेड होता. ती पडदे न लावता झोपली. सकाळी बोट आलेली खिडकीतून दिसावी म्हणून.

बोट आली. दहा-बारा मजल्यांची, आमच्या कॉलेजच्या इमारतीच्या तिप्पट. दुपारी बाराला दादाचा फोन आला, विमान वेळेवर उतरले. एकला निरोप आला: व्हॅन मिळाली, निघालो. पावणेदोनला: जरा गर्दी आहे. त्यानंतर काही नाही.

तीनला आम्ही सामान धक्क्यावर दिले. चारला दादा आला नाही. पाचच्या सुमारास धक्क्यावरच्या एका बाईने सांगितले, की आखाताच्या कडेला दोन मोटारींची टक्कर झाली आहे आणि महामार्ग बंद आहे. कधीपासून? दीडपासून. दुसरा रस्ता? तिने माझ्याकडे करुणेने पाहिले. एका बाजूला कडा, एका बाजूला समुद्र. दुसरा रस्ता असणार कुठे? आणि रूळ शेजारीच असले तरी त्या दिवशीची गाडी सकाळीच येऊन गेली होती.

साडेपाचला दादाचा निरोप आला. तिथे फोन कधी लागतो, कधी नाही. "तुम्ही चढा. माझी वाट पाहू नका."

मी तो आईला वाचून दाखवला. ती लाकडी बाकावर बसली होती, मांडीवर हातपिशवी, पिशवीत दादासाठी ठेवलेल्या दोन दशम्या. "तो येईपर्यंत मी चढणार नाही," ती म्हणाली.

वाचकहो, माझ्या मनात तेव्हा जे आले ते लिहिलेच पाहिजे. माझ्या मनात आधी पैसे आले. तिघांचे भाडे, परत न मिळणारे. बोट गेली तर आम्ही तिघेही या कंसातल्या गावात. मी आईची समजूत घालू लागलो. सांगितले, की बोट तिसऱ्या दिवशी जूनोला लागेल. जूनोला बाहेरून रस्ता जात नाही, पण विमान जाते. दादा तिथे आपल्याला गाठू शकेल. फार तर दोन दिवसांचा प्रश्न आहे.

"दोन दिवसांचा," आई म्हणाली.

बोलून गेल्यावर मला कळले मी काय बोललो ते. मी तिच्या शेजारी बाकावर बसलो.

साडेसहाला चढण्याची वेळ संपायची होती. ती संपली. पण शिडी उचलली नाही. गणवेशातला एक तरुण आमच्यापाशी दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला भाऊ रस्त्यावर अडकल्याचे सांगितले. तो म्हणाला, काळजी करू नका, आमच्या स्वतःच्या तीन बसगाड्या त्याच रांगेत आहेत; त्या आल्याशिवाय कप्तान निघणार नाही. हे त्याने आधी का सांगितले नाही, असा माझा चेहरा झाला असावा. पण त्याला तरी कोणी विचारले होते?

मी आईला भाषांतर करून सांगितले. तिने मान हलवली. "त्यांच्यासाठी थांबलेत," ती म्हणाली. "त्याच्यासाठी नाही." आणि रस्त्याकडे पाहत राहिली.

सात वाजून दहा मिनिटांनी पहिली बस वळणावर दिसली. मग दुसरी. दुसरीच्या मागे एक मळकट पांढरी व्हॅन होती. तिचे दार ती थांबायच्या आधीच उघडले आणि दादा धावत सुटला. एका हातात पेटी, शर्ट बाहेर आलेला, पन्नाशीचा, पोट सुटलेला माझा थोरला भाऊ, एस.टी.मागे धावणाऱ्या शाळकरी पोरासारखा. आमच्यापाशी येऊन तो धापा टाकत उभा राहिला. आम्हांला बाकावर पाहून त्याला प्रथम रागच आला.

"चढायला सांगितलं होतं ना? मी नसतो आलो तर?"

आई उठली. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागतो. तिने दादाचा दंड धरला, आधारासाठी धरतात तसा, आणि शिडीकडे चालू लागली. अर्ध्या वाटेवर दादा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "रस्ता एकच होता रे."

बोट नऊच्या पुढे सुटली. ती सुटताना भोंगा झाला, लांबलचक, डोंगरांवरून परत आलेला. सगळे प्रवासी बर्फाकडे तोंड करून उभे होते. आई दुसऱ्या बाजूला, गावाकडे तोंड करून उभी होती, आणि धक्क्यावरचे ते रिकामे बाक दिसेनासे होईपर्यंत तिथून हलली नाही.

ती झोपल्यावर मी दादाला राजापूरच्या खाडीची गोष्ट सांगितली. आम्ही गच्चीवर होतो. साडेदहा झाले होते आणि अजून वाचता येईल इतका उजेड होता. दादा काही बोलला नाही. त्याने भाऊच्या धक्क्याविषयी तेव्हा जे म्हटले होते ते मला आठवले. त्यालाही आठवले असणार. पिशवीतली दुसरी दशमी त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्ली.

पुढचे सात दिवस बर्फ, समुद्र आणि जेवणे. त्यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. फक्त एक सांगायचे राहिले. आमची परतीची विमाने बोट व्हँकूवरला पोचते त्याच दिवशी दुपारची होती. पाचव्या दिवशी दादाने मला त्याच्या फोनवर नवी तिकिटे दाखवली. त्याने ती एक दिवसाने पुढे ढकलली होती, दंड भरून.

"पण दादा," मी म्हणालो, "व्हँकूवरचं बंदर शहराच्या ऐन मध्यावर आहे. धक्क्यापासून चार पावलांवर विजेची गाडी, अर्ध्या तासाच्या आत विमानतळ. मी वाचलंय सगळं. कंसातलंसुद्धा."

"असू दे," दादा म्हणाला. "आईला शहर बघायचं असेल."

आई समोरच बसली होती. तिने काही विचारले नाही. ती भिंगातून उद्याच्या जेवणाचे पत्रक वाचत होती.